वेटिंग हॉलच्या टीव्हीवर माझा घसा

१४ मार्च

माननीय भूलतज्ज्ञ बाई, ऑपरेशन विभाग, यांस,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटे. या क्षणापासून पुढची चार मिनिटे आपल्या रुग्णालयाच्या वेटिंग हॉलमधल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर माझा घसा दाखवण्यात आला. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आपणच मला भूल दिलेली असल्याने मी स्वतः कार्यक्रम पाहू शकले नाही. हॉलमधल्या एक्केचाळीस जणांनी तो पाहिला. हा आकडा माझ्या धाकट्या जाऊबाईंचा, म्हणजे आपल्या मातोश्रींचा. त्या माझ्यासोबत आल्या होत्या. एरवी त्यांचं मोजणं कच्चं आहे, पण माझी फजिती किती जणांनी पाहिली हे मोजताना त्या चुकणार नाहीत.

त्यांनी दिलेली हकिकत अशी. नऊ सत्तेचाळीसपर्यंत टीव्हीवर गुलाबाची छाटणी कशी करावी हा कार्यक्रम चालला होता. अचानक पडदा गुलाबी झाला. लोकांना वाटलं, फूल जवळून दाखवताहेत. मग फुलाला लाळ सुटली. मग माझी जीभ आली. आणि खाली कोपऱ्यात माझं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि वय, एकाहत्तर. गेली बावीस वर्षं मी मातोश्रींना माझं वय पाच वर्षांनी कमी सांगत आले आहे. त्या स्वतः अडुसष्टच्या. इतकी वर्षं थोरल्या जावेपेक्षा आपणच वयाने मोठ्या, या दुःखात त्या होत्या. आता फार प्रसन्न दिसतात.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर सांगत, तोंडाच्या आत काय आहे ते जगाला दाखवायचं नसतं, बोलताना ओठ बोटभर उघडले की पुरे. साठ वर्षं मी ते पाळलं. दंतवैद्यालासुद्धा मी एका वेळी एकच बाजू दाखवते.

आता मुख्य मुद्दा. मी एकतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषक होते. निवृत्तीला तेरा वर्षं झाली, तरी कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे तिथे आजही माझाच ध्वनिमुद्रित आवाज सांगतो. स्थानकाला आणखी सहा फलाट होताहेत, थांबे बदललेत, आणि सगळ्या घोषणा नव्याने रेकॉर्ड करायला मला २१ एप्रिलला बोलावलंय. मी गेले नाही, तर त्यांच्याकडे यंत्राचा आवाज तयार आहे. तो मी ऐकला. पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा आहे. आज माझा आवाज मात्र गंजलेल्या बिजागरीसारखा येतो, आणि तो भूल देताना आपण घशात घातलेल्या नळीने बसवला आहे.

तरी लेखी माफी, लेखी खुलासा आणि त्या चित्रफितीचा संपूर्ण नाश, या गोष्टी मंगळवार, १८ मार्चपर्यंत व्हाव्यात. फोन करू नये. फोनवर सही होत नाही, आणि माझ्याच्याने बोलवतही नाही. उत्तर मातोश्रींच्या हाती देऊ नये. त्या पाकीट वाफेवर धरतात.

खाट क्रमांक १४ (आता घरी)

---

१६ मार्च

मोठी काकू,

तुमच्या पत्रावर आवक विभागाने शिक्का मारला, मग अधीक्षकांनी मारला, मग ते माझ्याकडे आलं. मला 'माननीय' म्हणू नका. शाळेत असताना वहीवर नाव तुम्हीच घालून द्यायचात.

माफी आधी मागते. मी चुकले. आमचा विभाग चुकला आणि मी त्या वेळी विभागातच होते, तेव्हा मी चुकले.

झालं ते असं. ज्या उपकरणाने तुमच्या घशात नळी घातली त्याच्या टोकाला कॅमेरा असतो आणि हँडलला हातभर अंतरावरून दिसेल असा छोटा पडदा. आमच्या पडद्याची काच गेल्या महिन्यात तडकली. म्हणून आम्ही चित्र बिनतारी शेजारच्या शिकवण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर पाठवतो आणि काचेच्या दारातून बघतो. नवा पडदा मागवलाय, त्याची फाइल फिरतेय. सोमवारी वेटिंग हॉलचा टीव्ही बंद पडला. लोक कुरकुर करायला लागले म्हणून देखभालवाल्यांनी आमचा टीव्ही काढून तिथे लावला आणि तिथला दुरुस्त करून आमच्या भिंतीवर टांगला. कोणाला सांगितलं नाही. भिंतीवर टीव्ही होता, मी पाहिलं, समाधान झालं. पण कॅमेऱ्याची ओळख भिंतीशी नव्हती, त्या टीव्हीशी होती. मी तडकलेल्या काचेतून डोळे बारीक करून काम करत होते आणि चित्र खाली गुलाबांच्या जागी गेलं. विद्यार्थ्यांसाठी लावलेल्या माझ्या माइकचा आवाजही खालीच गेला. उलट हॉलमधला गलका जिन्यातून वर येत होता. मला वाटलं, कोणाचं तरी भांडण चाललंय.

कॅमेरा का लागला, तेही लिहिते. जीभ उचलून धरणाऱ्या नेहमीच्या पट्टीने नळी घालायची तर तोंड मोठं उघडावं लागतं, मान मागे जावी लागते, म्हणजे ओठांपासून स्वरतंतूंपर्यंत डोळ्याला सरळ रेघ मिळते. तुमचं तोंड दोन बोटं उघडतं, मान मागे जात नाही, खालचा जबडा आत आहे. सिस्टरांनी सांगितलेलं तुम्ही जरा जास्तच मनावर घेतलंत. अशा वेळी कॅमेरा कोपऱ्यापलीकडचं दाखवतो. अडचण अशी, की दिसलं म्हणून नळी जाते असं नाही. नळीचं टोक कडेला अडत होतं. मी मास्कने श्वास देऊन पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी नळी थोडी फिरवली आणि ती गेली.

आई म्हणते, तेव्हा हॉलमध्ये टाळ्या झाल्या. आणि तिथे एक प्लंबर बसले होते, त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. ते टीव्हीसमोर उभे राहून सांगत होते, "अहो बाई, दामटू नका. फिरवून घ्या, काटकोनात फिरवून घ्या." मला ऐकू आलं नाही, हे शपथेवर सांगते. मी केलं मात्र तेच.

नळीमुळे घसा दुखतो, आवाज बसतो, पण तीन-चार दिवसांत मोकळा होतो. तुमचा नक्की कधीपासून बसलाय?

हे पत्र ड्यूटीवरून घरी जाताना तुमच्या दाराखालून सरकवतेय.

तुमची,
मनी

---

१८ मार्च

मने,

'माननीय' काढून घेतलं आहे. तेवढ्यावर समाधान मान.

खुलासा वाचला. म्हणजे माझ्या घशाची जबाबदारी तडकलेल्या काचेवर, फिरणाऱ्या फाइलवर, भिंतीवर आणि आमच्या सिस्टरवर. भूल देणारी बाई तेवढी निर्दोष. सिस्टर वारून चाळीस वर्षं झाली. त्यांना यात ओढू नकोस.

आणि हा प्लंबर काय प्रकार आहे? मी भूलतज्ज्ञाच्या स्वाधीन होते की पाणीपुरवठा विभागाच्या? तुझी आई सांगते, नळी गेल्यावर त्या गृहस्थांनी सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. एका बाईंनी त्यांना आपल्या मोरीचा पत्ता लिहून दिला. तुझ्या आईने काय केलं, ते तिने मला सांगितलं नाही, पण परवापासून तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला आहे.

आवाज ११ मार्चपासून बसला. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत घंटेसारखा होता. तुमच्या फॉर्मवर 'आवाजात काही बदल?' असा प्रश्न होता. त्याखाली माझ्या हस्ताक्षरात 'नाही' असं लिहिलेलं आहे. काढून बघ.

आज सातवा दिवस. सकाळी न्हाणीघरात दार लावून 'फलाट क्रमांक नऊवरील गाडी' म्हणून पाहिलं. नऊपर्यंत पोचले, गाडीला आवाज फाटला.

माफी मागितलीस, खुलासा केलास. चित्रफितीचं काय केलंस, त्यावर एक अक्षर नाही. दोन पानं लिहिणाऱ्या मुलीच्या हे लक्षातून राहिलं, असं मी मानत नाही. तुला लहानपणापासून ओळखते. फुलदाणी फुटली की तू अभ्यासाबद्दल बोलायचीस. शनिवारपर्यंत ती फीत नष्ट केल्याचा लेखी दाखला हवा.

मोठी काकू

---

२० मार्च

काकू,

घाईत लिहितेय, दोन केसेसच्या मध्ये.

चित्रफीत पुसलेली नाही. एवढ्यात पुसणारही नाही. टीव्हीवर पुन्हा जाणार नाही, ती माझ्या कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. कारण भेटल्यावर सांगते. पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी सकाळी अकराला आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे तुमची वेळ घेतली आहे. पहिला मजला, सात नंबरची खोली. नक्की या. मी तिथे असेन.

आणि आई म्हणते, आवाज नोव्हेंबरपासून बसलाय. तुम्ही फोन उचलत नाही, दार उघडून नुसती मान हलवता, आणि दूधवाल्याला पाटीवर लिहून देता. खरं काय ते मला सांगा. फॉर्मवर काय लिहिलंय ते मी पाहिलं आहे.

मनी

---

२२ मार्च, सायंकाळी

मने,

आज अकरा वाजता मी तुमच्या रुग्णालयात होते. सात नंबरमध्ये नाही, अधीक्षकांच्या दाराबाहेरच्या बाकावर. तू चित्रफीत ठेवून घेतलीस याची मला एकच संगती लागली. तू ती कुठल्यातरी परिषदेत लावणार, अंधारात दोनशे डॉक्टर बसणार आणि तू हातात काठी घेऊन माझ्या जबड्याकडे बोट दाखवणार. नकार कसा द्यायचा याचा मसुदा मी तीन पानी करून आणला होता.

बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. खिशात टेप, कानावर पेन्सिल. माझ्याकडे बघत होते. मी पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. मग शिपायाने माझं नाव पुकारलं आणि ते एकदम उठून उभे राहिले.

"तुम्हीच का त्या? अहो, मी तुमचा घसा पाहिलाय."

मने, एकाहत्तर वर्षांत परक्या पुरुषाने मला बरंच काही म्हटलं आहे. हे पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "आपली ओळख झाली नाही."

"ओळख कशाला पाहिजे, आतून ओळखतो की तुम्हाला. डावीकडे जरा वळण आहे, मग सरळ. लाइन चांगली आहे तुमची, जुन्या कामाची. आमच्या मंडळींना घेऊन आलोय, टाके काढायला." मग आवाज खाली आणून, अगदी सभ्यपणे, ते म्हणाले, "तो पांढरा ठिपका काढला का हो तुमचा?"

मी विचारलं, "कुठला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, जी त्यांनी आत्तापर्यंत काढली नव्हती. म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं. भिंतीला ओल धरते ना, तिची सुरुवात तसलीच असते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." आणि त्यांनी मला बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि अधीक्षकांच्या शिपायाला सांगितलं की बाई आज भेटणार नाहीत.

मी अधीक्षकांना भेटले नाही. सात नंबरलाही आले नाही. तू दारात उभी असलेली मला जिन्यावरून दिसलीस. घरी आले.

कुठला ठिपका, मने?

---

२३ मार्च

काकू,

काल दोन वाजेपर्यंत सात नंबरच्या दारात होते. मग तुमच्याकडे आले, बेल वाजवली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं नाही. म्हणून लिहिते. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. त्या वेळी गुलाब, भिंत, प्लंबर असं सगळं लिहिलं. फुलदाणीबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं आहे.

त्या दिवशी नळी घातली तेव्हा मला दोन गोष्टी दिसत होत्या, नळीचं टोक आणि तुमच्या रक्तातला ऑक्सिजन. तो चौऱ्याण्णवपर्यंत उतरला होता. बाकी काही मी पाहत नव्हते. ऑपरेशन झाल्यावर खाली माफी मागायला गेले तर ते गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "नळी छान बसली, पण घशातल्या डाव्या पडद्यावर ठिपका आहे तो बघा." मी त्यांना नीट उत्तरही दिलं नाही. रात्रभर ते डोक्यात राहिलं. सकाळी चित्रफीत लावली. एका ठिकाणी थांबवली.

डाव्या स्वरतंतूवर पांढरा चट्टा आहे. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. माझ्या नळीने झालेला नाही, नळी आत जाण्यापूर्वीच्या चित्रातच तो आहे. मोठ्या मोकळ्या टीव्हीवर, काही करायचं नसलेल्या माणसाला तो दिसला. तडकलेल्या पडद्यावर मला दिसला नाही.

आवाज त्यानेच बसला असावा. कर्करोग आहे का, हे तो काढून तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, आणि जो आत्ताच 'नाही' म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याचदा नसतो. कधी कधी असतो. नोव्हेंबरपासून असेल तर लवकर काढलेला बरा. म्हणून मी ती फीत पुसत नव्हते. तेवढ्यासाठीच मी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारत होते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चित्र पाहिलंय. बुधवार, २ एप्रिल ही तारीख धरून ठेवली आहे. पुन्हा भूल लागेल, पुन्हा नळी, या वेळी बारीक, कारण डॉक्टरांना शेजारून काम करायला जागा हवी. आणि पुन्हा कॅमेरा. त्याच्याशिवाय मी तुमच्या घशाला हात लावणार नाही, कोणी आग्रह केला तरी. कॅमेऱ्याशिवाय तो घसा मला मिळणार नाही, आणि तशा गोंधळात काय होतं ते मी पाहिलंय.

मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, पण गप्प बसले. तुम्हीही फॉर्मवर गप्प बसला होतात. आता दोघींनी पुरे करू.

सही हवी तर शिक्क्यासकट देते. पण दार उघडा.

मनी

---

२५ मार्च

मने,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा चष्म्याशिवाय, म्हणजे नीट दिसणार नाही म्हणून.

नोव्हेंबर बरोबर नाही. ऑक्टोबरची एकोणीस तारीख. सकाळी तुझ्या मोठ्या काकांच्या फोटोला हाक मारली आणि दुसऱ्याच बाईचा आवाज आला. फॉर्मवर 'नाही' का लिहिलं? 'हो' लिहिलं असतं तर कोणीतरी आत बघितलं असतं. बसस्थानकाच्या लोकांना कळलं असतं. मग त्यांनी ते टाकीतलं यंत्र लावलं असतं, आणि मी रोज गाडीची वाट बघत फलाटावर उभी असताना ते मला गाडीत बसायला सांगत राहिलं असतं. हे तुला लेखी कळवते आहे. तोंडी विचारलंस तर मी नाकारेन.

काल बसस्थानकावर गेले. २१ एप्रिलपर्यंत काय असेल कोणी सांगावं, म्हणून आजच करून घ्या म्हटलं. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ म्हणाले, "बाई, सर्दी उतरू द्या." मी म्हटलं, उतरणार नाही, लावा. एकशे बारा थांबे. अकरा फलाटांवर मध्येच आवाज फाटला, थांबले, कोमट पाणी प्यायले, पुन्हा म्हटलं. पाच तास लागले. ते गृहस्थ शेवटी खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. कशासाठी ते मी विचारलं नाही. ते रेकॉर्डिंग त्यांनी जपून ठेवलंय. चांगल्या आवाजात पुन्हा करता आलं तर हे फेकून द्यायचं, नाही आलं तर हेच लावायचं, असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय.

आता २ एप्रिल. मी येईन.

कॅमेरा चालेल. चालेल म्हणजे चालवून घेईन. पण नवा पडदा आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही. मी अधीक्षकांना काल भेटले, ती फिरणारी फाइल त्यांच्याच टेबलावर, त्यांच्या डब्याखाली सापडली. मी उभी असेपर्यंत त्यांनी सही केली. पडदा सोमवारी येतो आहे. वेटिंग हॉलचा टीव्ही त्या दिवशी भिंतीवरून उतरवून जमिनीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवावा. तुझी आई येईल, तिला थांबवणं तुला किंवा मला शक्य नाही. तिला खिडकीशेजारची खुर्ची दे आणि काहीतरी मोजायला दे. ते प्लंबर बोलावलेले नाहीत, तरी येणार आहेत. त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा नळ बघायला येतो म्हणून निरोप पाठवला, मी म्हटलं दोन तारखेनंतर या. त्यावर ते म्हणाले, "दोन तारखेलाच येतो, खाली बसतो." मी काय बोलणार, मने. त्यांना खुर्ची द्या, पण पडदा देऊ नका.

नळी तू घालायचीस. दुसरा कोणी नाही, कितीही मोठा असला तरी. तुझे वरिष्ठ असतील तर त्यांनी शेजारी उभं राहून तुला हवं ते द्यावं. तू एकदा आतून जाऊन आली आहेस, वळण कुठे आहे ते तुला माहीत आहे. या वेळी ऑक्सिजन, टोक, सगळं झाल्यावर एकदा डावीकडेही बघ. काढायच्या आधी एकदा, आणि काढून झाल्यावर पुन्हा.

दार काल रात्री उघडं ठेवलं होतं. तू आली नाहीस, ड्यूटी असेल. आजही उघडं आहे. पण आत येऊन गोड बोलायचं नाही. मी विचारते त्याचं उत्तर कागदावर पाहिजे.

प्रश्न एकच आहे. आवाज राहील का. कोणता आवाज, कसला आवाज, बसका, फाटका, जो असेल तो, पण माझा, यंत्राचा नव्हे, असा राहील का. 'काळजी करू नका' हे उत्तर धरलं जाणार नाही. 'देवावर ठेवा' हेही नाही, त्या खात्याचं मी बघते. तुला माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं स्पष्ट लिही. ते चालेल, पण तुझ्या हस्ताक्षरात लिही, आणि खाली आकड्यात लिही की तुझ्या मते शंभरात किती.

हे उत्तर शुक्रवार, २८ मार्च, दुपारी बारा वाजण्यापूर्वी माझ्या हाती पडावं. बारा वाजून गेले आणि कागद आला नाही, तर मी स्वतः तुमच्या आवक विभागात येऊन उभी राहीन आणि असेल त्या आवाजात तुझं नाव पुकारीन.

मोठी काकू